आधी का पडली ते बघा

विमलआक्काच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर बायका ओट्यावर बसल्या होत्या आणि जी ती एकच वाक्य बोलत होती. भांडखोर होती, पण मनानं चांगली होती. मी पत्रावळ्या गोळा करत होते. चारचौघांत बोलायची मला सवय नाही, म्हणून गप्प राहिले. पण त्या वाक्यातला ‘पण’ घरी येईपर्यंत मला टोचत होता. म्हणून हे लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, लिहायला वेळ लागतो, तरी लिहिणार आहे. आक्का भांडखोर होती आणि मनानं चांगली होती. मधे ‘पण’ घालायचं काही कारण नाही.

आमचं घर दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या पुढं. मागं थोडी जमीन, तिच्यात मेथी, कोथिंबीर, बांधाला झेंडू. शेजारचं घर आक्काचं. पुढच्या खोल्यांत तिचे दीर भाऊसाहेब आणि त्यांची माणसं राहायची, मागच्या दोन खोल्या आक्काकडं, आणि त्याच्याही मागं पत्र्याचं शेड. तेच गॅरेज. तिचा नवरा तिथं मोटारसायकली आणि द्राक्षबागेत फवारणीला लागतात ते पंप दुरुस्त करायचा. तो गेला तेव्हा सगळे धरूनच चालले होते की शेड आता बंद. आक्कानं दिवसकार्य उरकलं, शटर वर केलं आणि त्याचं जे काम अर्धं राहिलं होतं ते पुरं करायला बसली. इतकी वर्षं पाने-पकडी त्याच्या हातात देता देता ती सगळं शिकून बसली होती, हे तेव्हा कळलं. ते त्याला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

अंगानं बारीक, रंगानं काळी, आवाज मात्र रस्त्यापर्यंत जाणारा. नऊवारी नेसायची नाही, पाचवारीच, पण पदर कमरेला असा आवळायची की जणू आताच कोणाच्या अंगावर जायचं आहे. केसांचा अंबाडा, आणि त्या अंबाड्यात गजरा नाही, टेस्टर. पिवळ्या मुठीचा तो टेस्टर तिनं लग्नकार्यातसुद्धा काढलेला मला आठवत नाही. एकदा एका हळदीकुंकवाला कोणीतरी हसून म्हणालं, आक्का, आज तरी फूल माळायचं. तर म्हणाली, फूल संध्याकाळी सुकतं, हे नाय सुकत.

दिंडोरीकडचा एक बागायतदार पहिल्यांदाच पंप घेऊन आला होता. आक्का खोक्यावर बसून बशीतून चहा पीत होती. त्यानं इकडंतिकडं पाहून विचारलं, मिस्तरी कुठंय? आक्का म्हणाली, मिस्तरी चहा पितोय, बसा. तो बसला. तिनं सावकाश चहा संपवला, बशी विसळली, पदर खोचला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “हां, आला मिस्तरी. काय झालं पंपाला?” तो माणूस पुढं दर हंगामाला यायचा आणि लांबूनच ओरडायचा, मिस्तरीचा चहा झाला का.

मला ती मुकी म्हणायची. मी ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसले की पलीकडून हाक यायची, “मुके, आज काय बोललीस का कुणाशी?” मी मान हलवायची. ती म्हणायची, बरं, उद्या बोल.

आता मुद्द्याचं लिहिते.

गॅरेजला स्वतःची लाइन नव्हती. मीटर पुढं, भाऊसाहेबांच्या दारापाशी. तिथून एक जुनी बारीक वायर निघायची, भाऊसाहेबांच्या निजायच्या खोलीच्या खिडकीतून आत जायची, भिंतीच्या कडेनं त्यांच्या पलंगाच्या वरून बाहेर पडायची आणि शेडात यायची. दिवा आणि पंखा होता तोवर चाललं. पुढं आक्कानं हवा भरायचा कंप्रेसर आणला. तो सुरू केला की पुढच्या घरातले दिवे मिणमिणायचे आणि मीटरपाशी खटकन आवाज होऊन एमसीबी पडायची. एमसीबी म्हणजे जुन्या फ्यूजच्या जागी आलेलं ते बटण. वायरीत जास्त वीज गेली की ते आपोआप खाली पडतं. पडलं की घरातलं टीव्हीसकट सगळं बंद, आणि भाऊसाहेब बनियनवर बाहेर.

भाऊसाहेब तसे वाईट नव्हते. पण मागची जागा एका गोडाऊनवाल्याला भाड्यानं द्यायची त्यांच्या मनात होती, आणि ते आक्काला माहीत होतं. म्हणून दर वेळी एमसीबी पडली की ते जरा जास्तच ओरडायचे. शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. एक तर हे पडणं बंद कर, नाहीतर शेड बंद कर.

आक्कानं कैलास वायरमनला बोलावलं. आमच्या भागातली सगळी घरं त्याच्याच हातची. त्यानं बघितलं आणि म्हणाला, कंप्रेसर सुरू होताना झटका घेतो, दहा अँपिअरची एमसीबी पडणारच, बत्तीसची टाकतो, किटकिट संपली. भाऊसाहेबांना एकदम पटलं. मी कुंपणाला धुणं वाळत घालत होते, मलाही पटलं. पडते म्हटल्यावर न पडणारी बसवायची, सोपं तर आहे.

“अन् वायर?” आक्का म्हणाली.

“वायर राहू दे की.”

“तुझ्या घरी असंच बसवशील?”

“माझ्या घरी कुठंय कंप्रेसर.”

“मी कंप्रेसरचं नाय इचारलं.”

कैलासनं मान खाजवली. मग त्यानं खरं काय ते सांगितलं. त्याला येत नव्हतं असं नाही. लोकांना जे ऐकायचं असतं ते सांगायची त्याला सवय लागली होती. वायर दीडची, म्हणजे अगदी बारीक आहे, तिच्यात बत्तीसचा करंट गेला तर एमसीबी पडणार नाही, वायरच तापेल. नीट करायचं तर मीटरपासून शेडापर्यंत सहाची, म्हणजे चौपट जाड, तांब्याची वायर लागेल, अखंड, मधे जोड नको. चारची आणली तर एवढ्या लांबीत विजेचा दाब उतरेल आणि मोटर कण्हत चालेल. मीटरपाशी त्या वायरीसाठी वेगळी बत्तीसची. शेडात स्वतःचा बोर्ड, त्यात कंप्रेसरला वेगळी, ग्राइंडरला वेगळी, दिव्यांना छोटी. सगळ्यांच्या वर एक, अंगाला शॉक बसायच्या आत तोडणारी. हिरवी अर्थिंगची वायर निराळी. आणि वीज ऑफिसात जाऊन मीटरचा लोड वाढवून घ्यायचा. कंप्रेसरवरची सी टाइपची घ्यायची, असंही तो म्हणाला. सी टाइप म्हणजे मोटरचा सुरुवातीचा झटका सोसते, पण झटका थांबला नाही तर तोडते.

आक्काला ते फार आवडलं. म्हणाली, पहिला राग गिळायचा, अन् तरी बी समोरचा थांबला नाय तर तोडायचं, ही तर माझ्याच वळणाची हाय.

भाऊसाहेब म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, ती मोठी बसव आणि मोकळी हो. नवीन वायरीसाठी माझ्या भिंतीला भोक पाडू देणार नाही. खरं म्हणजे एकदा शेडाला स्वतःचा बोर्ड झाला की ते शेड कायमचं गॅरेज होणार होतं. ते दोघांनाही कळत होतं, दोघंही बोलत नव्हते. बोलणं सगळं भोकावर चाललं होतं.

आक्का म्हणाली, “भाऊजी, आधी वायर ठरती, मंग एमसीबी. एमसीबी काय मशीन राखायला नसती, वायर राखायला असती. बारीक वायरीवर मोठी एमसीबी म्हंजी राखणदाराला झोपेची गोळी. मी नाय बसवणार.”

“मग बंद कर शेड.”

“ते बी नाय करणार.”

आणि तिनं कंप्रेसरची पिन काढून ठेवली. त्या दिवसापासून पायाच्या पंपानं हवा. ऊन चढलेलं, पत्रा तापलेला, आणि आक्का पदर खोचून पाय मारतेय. पेठकडच्या जीपवाल्यांची टायरं मोठी, ती भरता भरता तिचा जीव जायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, आक्का, कंप्रेसर आहे ना, लाव की. ती म्हणायची, कंप्रेसर रुसलाय. काही जण हसून स्वतःच पंप मारायचे. आमच्या सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाला एवढी खोड बरी नाही, दीर सांगतो तर ऐकावं. मी जुड्या बांधत ऐकत होते. मला तेव्हा आक्काचं चुकतंय असंच वाटायचं. एवढंसं बटण, त्यासाठी किती ताणायचं.

पुढं ती एकदा लेकीकडं ओझरला गेली, तर भाऊसाहेबांनी कुठूनतरी दुसरा माणूस आणून बत्तीसची बसवून टाकली. ती आली तेव्हा ते दारातच उभे होते. म्हणाले, लाव आता कंप्रेसर, बघ पडते का. तिनं लावला. टाकी भरेपर्यंत तो दणदण चालला. दिवे मिणमिणले, पण खटका आला नाही. भाऊसाहेब कुंपणापाशी उभ्या माझ्या नवऱ्याकडं बघून हसले. तेवढ्यात आक्कानं दुसरं टायर घेतलं, मग तिसरं, मग ग्राइंडर लावला. तिला काय करायचं होतं ते आम्हाला कोणालाच कळलं नाही. बराच वेळ मशीन चालवून ती उठली, मीटरपाशी गेली, आणि म्हणाली, भाऊजी, जरा आत चला. जावेलाही हाक मारली. मीही मागोमाग गेले, दारातून मला दिसत होतं. पलंग, त्यावर त्यांची नात दुपारची झोपलेली, आणि तिच्या उशाच्या वरून ती जुनी वायर गेलेली.

“हात लावा,” आक्का म्हणाली.

भाऊसाहेबांनी दोन बोटं लावली आणि झटकन काढली. वायरीचं प्लॅस्टिक मऊ पडलं होतं. खोलीत वास येत होता, जळालेला नाही, जळायच्या आधीचा. तोपर्यंत कोणाच्या नाकाला तो लागला नव्हता.

“न पडणारी पायजे होती ना? ही बघा, नाय पडली.”

एवढं बोलून ती बाहेर आली, स्वतःच्या हातानं मीटरपाशी बटण खाली पाडलं आणि घरात निघून गेली. दुसऱ्या दिवशी कैलासचं ड्रिल चालू झालं. भिंतीला भोक पडलं. भाऊसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं की नाहीतरी मला ती जुनी वायर काढायचीच होती. आक्कानं ते ऐकलं आणि सांगू दिलं. लोड वाढवायला ऑफिसात तीच खेटे घालत होती आणि तिथंही भांडून आली, पण ते वेगळं.

नवा बोर्ड बसला तेव्हा तिनं मला मुद्दाम बोलावून दाखवला. पांढरा डबा, आत ओळीनं बटणं. तिनं त्यांना नावं ठेवली होती. शॉकपासून वाचवणारी ती सासू. कंप्रेसरची ती थोरली सून, ग्राइंडरची मधली, दिव्यांची धाकटी. म्हणाली, सून पडली तर तिचं तेवढंच काम अडतं, सासू पडली की सगळं घर अंधारात. मला हसू आवरेना. आमच्या सासूबाई कुंपणापलीकडं होत्या, म्हणून मी पदर तोंडाला लावला.

आणि मग तिनं नियम सांगितला. बोर्डावरचं कुठलंही बटण पडलं तर पडल्या पडल्या वर करायचं नाही. आधी बघायचं, का पडली. सापडलं, नीट केलं, मगच वर. गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे. पडली रे पडली की सगळे धावत जाऊन ती वर करतात, ती परत पडते, परत वर करतात. “अरे, ती सांगतीया काहीतरी, ऐका की,” असं ती म्हणायची. ‘का पडली?’ हे तिच्या तोंडी इतकं बसलं की गल्लीतली माणसं तिच्या मागं तिला तसंच म्हणायची. का पडली आल्या. का पडली बाजारात भेटल्या.

तिचं कधी चुकायचंच नाही असं मात्र नव्हतं. त्या वर्षी खंडेनवमीला तिनं गॅरेजातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडली आणि नव्या बोर्डाला झेंडूची माळ घालायची म्हणून माझ्याकडून मागून घेतली. फुलं ताजी राहावीत म्हणून माळ मी बादलीत बुडवून ठेवली होती. तिनं ती तशीच उचलली. मी म्हणाले, आक्का, ओली आहे. पण माझं म्हणणं मलाच नीट ऐकू आलं नसेल. तिनं बोर्डाचं झाकण उघडलं, हळदीकुंकवाची बोटं सासूच्या कपाळाला लावली आणि ती निथळती माळ वरून घातली. पाणी ओघळून आत गेलं. खटकन सासू पडली. शेडात जमलेली सगळी माणसं अंधारात, आरतीचं ताट हातात. भाऊसाहेब मागून अगदी शांतपणे म्हणाले, “वहिनी, का पडली?”

सगळे हसले. आक्का सगळ्यांत जास्त. मग तिनं मेन बंद केलं, बोर्ड पुसून सुकू दिला आणि संध्याकाळी सासू वर केली. मला बोलावून म्हणाली, “तू सांगितलंतं ना ओली हाय म्हणून? मंग मोठ्यानं सांगायचं. हळू सांगितलेलं फक्त देवाला ऐकू जातं.”

आता माझं एक सांगते. सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय आक्का पुरी होत नाही.

एका सकाळी जुड्या बांधता बांधता मला घेरी आली आणि मी ओसरीवरच पडले. सासूबाईंनी तोंडावर पाणी मारलं, म्हणाल्या, काही नाही, उन्हानं झालं, ऊठ. नवरा म्हणाला, टेम्पो यायची वेळ झाली, माल बांधायचा आहे. मला धरून बसवलं. मी जुडी हातात घेतली आणि परत पडले. परत बसवलं. तेवढ्यात आक्का आली, ग्रीसचे हात तसेच. तिनं नवऱ्याला बाजूला केलं. सासूबाई सांगायला लागल्या, अशक्तपणा आहे, दुसरं काय. आक्का म्हणाली, मी तिला इचारतेय. मग माझ्याजवळ खाली बसली.

“का पडली?”

मी नवऱ्याकडं बघितलं. ती बसून राहिली. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तिनं हात करून नवऱ्याला आणि सासूबाईंना बाहेर घालवलं, आणि पुन्हा काही न विचारता तशीच बसली. मग मी सांगितलं. कित्येक दिवस अंगावरून रक्त जात होतं, थांबत नव्हतं, आणि हे कोणाला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, बरं झालं पडलीस. मग मला तिच्या स्कूटरवर मागं बसवलं, पदरानं स्वतःशी बांधलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. त्या दिवशी आमचा माल तसाच ओसरीवर राहिला. सासूबाईंनी पुढं कितीतरी दिवस आक्काशी अबोला धरला. आक्कानंही धरला, आणि तो सासूबाईंपेक्षा जास्त टिकवला.

भांडखोर म्हणतात ती ही.

शेवटच्या आजारात तिचा आवाजच गेला. घशाचं दुखणं होतं. रस्त्यापर्यंत जाणारा आवाज, तो उशाशी बसलेल्या माणसाला ऐकू येईना. लेक ज्योती ओझरहून येऊन राहिली आणि शेड तिनं उघडं ठेवलं. आईचं पाहून तीही शिकली होती. आक्का दुपारी भिंत धरत धरत शेडात यायची आणि खोक्यावर बसायची. भाऊसाहेब तिच्यासाठी सकाळी स्वतः दूध आणून ठेवायचे. पण गोडाऊनवाला पुन्हा फेऱ्या मारायला लागला होता, हेही खरं.

त्या दिवशी मी पेज घेऊन गेले होते. गोडाऊनवाला आणि भाऊसाहेब शेडात उभे राहून जागा बघत होते. आक्का खोक्यावर. ज्योतीनं कंप्रेसर लावला आणि खटकन सगळं बंद झालं. सासू पडली होती. ज्योती बोर्डाकडं वळली, तर भाऊसाहेब म्हणाले, राहू दे बाळा. आवाजात राग नव्हता, मायाच होती.

“पडलीय तर पडू दे आता. लय चाललं गॅरेज. तुझ्या आईला बी आराम पडंल. तू तुझ्या घरी जा.”

ज्योतीचा हात तिथंच थांबला. तिनं आईकडं पाहिलं. आक्काचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग आक्कानं मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. तसं तिनं माझ्याकडं याआधी कधी पाहिलं नव्हतं. नेहमी मी तिच्याकडं पाहायची.

“थांबा भाऊसाहेब,” मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं की पलीकडं आमच्या सासूबाईंनी धुणं खाली ठेवलं. “आधी का पडली ते बघा.”

ज्योती खाली वाकली आणि कंप्रेसरची वायर हातानं चाचपत गेली. मोटारसायकलच्या स्टँडखाली ती चेमटली होती आणि तिथं सोलून लोखंडाला लागली होती. एवढंच होतं. तिनं पिन काढली, तो तुकडा कापून टाकला, राहिलेल्या वायरीला पिन पुन्हा बसवली. भाऊसाहेब ती कापलेली वायर उगाच हातात धरून उभे होते. गोडाऊनवाला म्हणाला, मी नंतर येतो. त्याला कोणी थांबवलं नाही.

आक्कानं अंबाड्यातला टेस्टर काढून ज्योतीच्या हातात दिला, आवळ म्हणून खूण केली. ज्योतीनं त्या टेस्टरनं पिनचे स्क्रू पुन्हा आवळून पाहिले आणि मान हलवली. मग आक्कानं माझ्याकडं बोट केलं आणि बोर्डाकडं केलं. मी कधी त्या बटणाला हात लावला नव्हता. लावला, वर ढकललं. ते वर राहिलं.

कंप्रेसर सुरू झाला. आक्का उठली. ज्योती धरायला गेली तर तिनं तिचा हात बाजूला केला. भिंत धरत ती दारापर्यंत गेली आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. अंबाडा सुटला होता. टाकी भरली की कंप्रेसर आपोआप थांबतो. तो थांबेपर्यंत ती दारात उभी राहून ऐकत होती. थांबला तेव्हा घरात गेली.